शर्यतीची गाडी ओढायला म्हैस

तो आमच्या फाटकाशी पहिल्यांदा आला तो धुरातून. मी यार्डात नळी घेऊन एक गाडी धूत होते. करपलेल्या क्लचचा वास आला म्हणून वळून पाहिलं, तर रस्त्यात एक इवलीशी मोटार मान टाकून उभी. तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर निळी शर्यतीची गाडी... आणि धुरातून खोकत, डोळे चोळत येणारा एक उंच तरुण.

"पाणी मिळेल?" त्याने विचारलं.

"प्यायला की ओतायला?"

"आधी ओततो. उरलं तर पितो."

मला हसू आलं. त्यालाही आलं. त्याच्या नाकावर काजळी होती आणि त्याला ती ठाऊक नव्हती. मी सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली, पण ते नाक मला अजून तसंच दिसतं.

यार्ड बाबांचं. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. मी शाळेतून आले की दप्तर टाकून गाड्यांच्या खाली शिरायची. पुढे वजनं, ब्रेक, चाकं, सगळं मला तोंडपाठ झालं. पण बाबांचं ठरलेलं होतं – माझं लग्न झालं की यार्ड चुलतभावाकडे जाणार. चुलतभावाला चारचाकीतलं एवढंच कळायचं की तिला चार चाकं असतात.

"मोटार मित्राची आहे," तो तरुण बाबांना सांगत होता. "आता तोंड कसं दाखवू त्याला? रविवारी घाटापलीकडे शर्यत आहे. ही निळी ओढून न्यायला काहीतरी दणकट हवंय. आजच."

बाबांचे डोळे चमकले. आठ महिने यार्डात एक तांबडी जीप पडून होती. आखूड, चकचकीत, ताकदीला भारी, पण गिऱ्हाईक मिळेना. बाबांनी मला बाजूला घेतलं. "ही तू विकून दाखव. मग यार्डाचं बघू. तुझा चुलतभाऊ थांबेल."

त्याला तर तांबडी बघताक्षणी आवडली होती. तो तिच्या बॉनेटवर हात फिरवत होता. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"तुमच्या गाडीचं वजन किती?" मी विचारलं.

"सातशे किलो!" तो छाती फुगवून म्हणाला. "सीट काढली, गालिचे काढले, दारांच्या काचासुद्धा काढल्या."

"आणि ट्रेलरवर हे काय आहे?"

तो वळला. आठ टायर, दोन हत्यारांच्या पेट्या, जॅक, एक अख्खा जादा गिअरबॉक्स, पेट्रोलचे डबे आणि एक घडीची खाट.

"ते... सामान आहे."

"त्याचं वजन?"

त्याने खांदे उडवले. शर्यतवाले सगळे असेच. गाडीतला एकेक स्क्रू काढून ती हलकी करायची, आणि ट्रेलरवर संसार चढवायचा. आमच्या क्रेनने सगळं कोपऱ्यावरच्या वजनकाट्यावर नेलं. काटेवाल्याने चिठ्ठी दिली. सोळाशे ऐंशी.

"छापायला चुकलं असेल," तो म्हणाला.

"काटा शर्यतीत भाग घेत नाही हो. त्याला खोटं बोलायची गरज नसते."

परत आल्यावर मी बाबांसमोरच सांगितलं, "तांबडी बाराशे किलोची आहे. चढावर ओढेल, ताकद आहे तिच्यात. पण उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलेल. त्यात ही आखूड. ट्रेलर डुलायला लागला तर हिला सावरता येणार नाही."

"पण चालवणार मी आहे ना!"

"ट्रेलरला ते ठाऊक नसतं."

मग मी शेडच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे जमीनमोजणीवाल्यांकडून आलेली मातकट रंगाची लांबलचक डिझेल गाडी उभी होती. दोन टनांच्या वर. तिला आम्ही म्हैस म्हणायचो.

"ही?" त्याचा चेहरा पडला. "शर्यतीला जायचंय मला... वरातीला नाही."

"पोचलात तर शर्यत."

बाबा संतापले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गिऱ्हाईक आपण होऊन मागतंय आणि तू नको म्हणतेस? मीच चालवून दाखवतो तांबडी. बांधा ट्रेलर!"

माझं काही चाललं नाही. यार्डामागच्या रिकाम्या उतारावर दोघं गेले. मी फाटकाशी उभी राहिले. यार्ड हातचं गेलं, हे मला कळत होतं. तरी बोलले त्याचा पश्चात्ताप वाटत नव्हता.

वीस मिनिटांनी ते सावकाश, रांगत परत आले. बाबा उतरले, रुमालाने मान पुसली, आणि सरळ नळाकडे गेले.

"काय झालं?" मी त्याला विचारलं.

"एका वळणावर..." तो थांबला. "एका वळणावर ट्रेलर माझ्या शेजारच्या खिडकीत दिसला. मी ट्रॅकवर दोनशेने जातो हो. पण देव आठवला तो आज, तीसच्या वेगाला."

मग आम्ही ट्रेलर म्हशीला जोडायला घेतला. निळी गाडी ट्रेलरवर जरा पुढे घ्यायला हवी होती. ट्रेलरच्या नाकाचा थोडा भार हुकावर पडला तरच तो सरळ चालतो, मागे भार गेला की डुलतो. मी घरातला वजनाचा काटा आणून त्या नाकाखाली ठेवायला निघाले.

"हा काटा बरोबर आहे कशावरून?" तो म्हणाला. "आधी तुम्ही उभ्या राहून दाखवा."

"माझं वजन कळावं इतकी आपली ओळख नाही."

"मग वाढवू या..."

"वजन?"

"ओळख!" तो कानापर्यंत लाल झाला. दोनशेने जाणारा माणूस, आणि वर बघेना.

आम्ही निळीला वीतभर पुढे सरकवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवलं. त्याच्या आणि माझ्या हाताला एकच ग्रीस लागलं होतं. मग म्हैस मी चालवली, त्याच उतारावर. ट्रेलर मागे असा शहाण्यासारखा आला की आरशात बघून खात्री करावी लागली.

बाबा फाटकाशी उभे होते. मी उतरल्यावर माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "काही विचारायचं असेल तर हिला विचारा. माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं." मग मला म्हणाले, "शनिवारी तूच ने यांना घाटापार. आणि यार्ड तूच बघ..." थोडं थांबून पुढे, "लग्न होईपर्यंत."

ते शेवटचे दोन शब्द सोडले तर माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात ताठ मानेचा दिवस होता.

शनिवारी सकाळी घाट धुक्यात होता. रस्ता ओला, म्हैस घुरघुरत माथ्यावर पोचली. तो शेजारी बसलेला. उतार सुरू होताना तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"आत्ता नको. अकरा वळणं आहेत. माझं लक्ष हलेल."

मी खालचा गिअर टाकला. एक वळण... चार... सात... धुकं विरळ होत गेलं. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि माझाही. शेवटचं वळण उतरून सपाट रस्त्याला लागल्यावर मी गाडी कडेला घेतली.

"आता बोलू?"

"बोला."

"माझी सगळी दौलत मागे बांधलेली होती. अकरा वळणांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही." त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. "तुमच्याकडेच पाहत होतो... मला तुमच्याशी लग्न करायचंय."

काचेवरचा ओलावा मी उगाचच हाताने पुसला. बोलताना माझी मान खाली गेली नाही.

"मी यार्ड सोडणार नाही," मी म्हणाले. "कोणासाठीही नाही... तुमच्यासाठीसुद्धा नाही."

तो हसला. नाकावर पुन्हा काजळी होती, सकाळी कुठे लावून घेतली कोण जाणे.

"सोडायला कोण सांगतंय? मीच येतो राहायला. बाबांना सांगू, 'यार्ड हिचंच राहील, जावई फक्त एक कोपरा मागतोय.' निळी ठेवायला जागा हवीच आहे मला."

मी आपल्या पदराने त्याचं नाक पुसलं, आणि म्हशीला गिअरमध्ये टाकलं.