चार कालवडींची वाटणी

“मला घरात वाटा नको, शेतात नको... या चार कालवडी दे आणि मला वेगळं काढ!”

वहिनीच्या तोंडून हे शब्द निघाले आणि धाकट्या दिराच्या हातातलं दावं गळून पडलं. गोठ्याबाहेर कालवडी न्यायला व्यापारी गाडी लावून उभा होता. दुधाचा भाव असा काही कोसळला होता की पेंडीचाही खर्च निघत नव्हता, आणि अजून दोन वर्षं ज्यांचं थेंबभर दूध मिळणार नाही अशा कालवडी पोसायला धाकट्याला कुठून परवडणार होतं!

“वेगळं? माझ्यापासून?” त्याचा आवाज चिरकला. “आई गेल्यावर तू मला भरवलंस, दादा गेल्यावर मी तुला एका शब्दानं दुखावलं नाही... आणि आज चार जनावरांसाठी घर मोडतेस?”

तिनं खाली पडलेलं दावं उचललं. अंतःकरण नुसतं पिळवटून निघत होतं, पण बोलायची सोय नव्हती!

खरं म्हणजे हे सगळं झालं तिच्या चौकस स्वभावापायी. टँकरचा ड्रायव्हर दूध न्यायला आला की हिचे प्रश्न सुरू. दुधाची पावडर कुठं जाते, ती पडून राहिली की आपला भाव का पडतो, पुढच्या वस्तीवर काय चाललंय... तो बिचारा कावून म्हणायचा, “अहो वहिनी, मी टँकर चालवतो, सरकार नाही!” पण त्याच्याच बोलण्यातून तिला कळलं की वाटेवरच्या प्रत्येक गोठ्यातल्या कालवडी विकल्या जातायत. मग सगळ्यांनीच विकल्या तर दोन वर्षांनी दूध देणार कोण? तिनं हे धाकट्याला सांगूनही पाहिलं होतं. “वहिनी, तुझं चौकशी खातं जरा बंद ठेव!” म्हणून तो हसला होता.

आणि तिला तरी कुठं खात्री होती? अंदाजच तो! चुकला तर बुडायचं ते एकटीनं बुडावं, लेकरासारख्या वाढवलेल्या दिराच्या संसाराला झळ लागू नये... म्हणून हे वेगळं होणं! कारण सांगितलं असतं तर त्यानं तिला एकटीला जाऊ दिलं असतं का?

ती चाऱ्याच्या खोलीत राहायला गेली. लोकांच्या गोठ्यातलं शेण काढून चार भारे चारा आणायची. धाकट्यानं अबोला धरला. “बाईंना आम्ही जड झालो,” असं त्याची बायको, म्हणजे हिची जाऊ, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. भिंतीपलीकडून त्यांच्या जेवणाच्या ताटांचा आवाज यायचा आणि वहिनी आपलं ताट तसंच बाजूला सारायची...

दोन वर्षांनी कालवडी व्यायल्या, तोवर भाव नुसता चढत होता. दूधच नव्हतं कुणाकडे!

“तुमची वहिनी खमकी हो,” ड्रायव्हर धाकट्याला सहज बोलून गेला. “तेव्हाच म्हणाली होती, अंदाज चुकला तर माझं मी बघेन, पोराला झळ नको.”

धाकटा धावतच गोठ्यात आला. वहिनी धार काढत होती. त्यानं तिचे पायच धरले.

“वहिनी... माझ्यासाठी गं? आणि मी दोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही!”

“रडू नकोस रे, गाय बिथरेल, पान्हा चोरेल ती,” ती म्हणाली, पण तिचेच डोळे घळघळा वाहत होते. “या चौघी आता तुझ्या दावणीला बांध.”

“बांधतो! आणखी सहा घेतो, कर्ज काढून घेतो. तुला काही कमी पडू देणार नाही!”

“खबरदार!” तिनं डोळे पुसले. “आता जो तो गाई घेत सुटलाय. टँकरवाल्याला विचारलंय मी. दोन वर्षांत दूध उदंड होईल आणि भाव पुन्हा आपटेल.”

“मग... मी करू तरी काय?”

“आधी माझा पलंग घरात ने. मला एकटीला उचलत नाही तो.”

धाकटा वळला, तर जाऊ कधीच खोलीत जाऊन पलंगाची एक बाजू धरून उभी होती. तिला वर बघवत नव्हतं.