शेवटची ओळ घरमालकिणीची

"अरे देवा, छत्री ट्रेनमध्येच राहिली!"

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये, आमच्या कंपनीच्या दारात, ऑक्टोबरच्या भुरभुर पावसात चक्क मराठी! मी गर्रकन वळले. कपाळावर ओले केस, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड आणि ओशाळलेलं हसू… इतकं गोड की मी 'गुटन मोर्गन' म्हणायचंसुद्धा विसरले. म्युनिकहून नवं सॉफ्टवेअर बसवायला येणारा यशोधन तो हाच.

"मी कादंबरी. सर्व्हर माझ्याकडे आहे. जपून हं!"

शुक्रवारी माझी सहा महिन्यांची प्रोबेत्साइट संपत होती. पास झाले तर नोकरी कायम, नाहीतर सामान बांधून नाशिक.

नवं सॉफ्टवेअर डेटाबेसवर सर्व्हिस पॅक चार, म्हणजे चौथी सुधारणा, असेल तरच चालणार होतं. यशोधनने सर्व्हरला व्हर्जन विचारलं आणि पडद्यावरच्या उत्तराच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर्व्हिस पॅक फोर. करू सुरू?"

"आल्झो? मग, करायचं ना?" आमचे साहेब, हेर ब्रांडल, घड्याळ बघत म्हणाले.

"थांबा!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तो चार विंडोजचा आहे. डेटाबेसचा नाही."

"पैज?" त्याचे डोळे मिश्कील हसले.

"लावा. हरलात तर पोहे तुम्ही करायचे."

"पोहे? म्हणजे… बघण्याचा कार्यक्रम?"

मी लाजले, पण हटले नाही. फक्त डेटाबेसचीच लेव्हल विचारणारी ओळ टाइप केली. एंटर… पडद्यावर उमटलं, सर्व्हिस पॅक तीन!

"आमच्या दाराच्या बेलवर सगळ्यात खाली घरमालकिणीचं नाव आहे," साहेबांनाही कळावं म्हणून मी ऐटीत जर्मनमध्ये म्हणाले. "तुम्ही तेच वाचलंत. विंडोज घरमालकीण, डेटाबेस भाडेकरू. भाडेकरूचं नाव वर असतं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ब्रांडल म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच शाबासकी! आधी पॅक चार चढवला, मगच सॉफ्टवेअर बसलं. शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात यशोधन, एका हातात नवी छत्री, दुसऱ्यात गरम डबा.

"घरमालकीणबाईंना, फ्राऊ हूबरना, नाही ना उठवलंत?"

"या वेळी नाव नीट वाचलं. आठवडाभर तेच डोळ्यांपुढे आहे, कादंबरी… मला तू खूप आवडतेस."

मी डबा उघडून एक घास खाल्ला.

"मीठ जास्त झालंय."

"म्हणजे… नापास?" त्याचा चेहरा पडला.

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. "तुला प्रोबेत्साइटच नाही, यशोधन. तू थेट कायम!"