वाऱ्याची मर्यादा

उत्तर आफ्रिकेतील स्फाक्सच्या बंदरावर, मासेमारी कंपनीच्या कचेरीत तपासनीस वजदी आला, तेव्हा त्याने तिथला डेटाबेस सांभाळणाऱ्या गुफ्रानच्या चेहऱ्याआधी तिच्या हातांकडे पाहिले.

"चेहरा इकडे आहे, सी वजदी." 'सी' म्हणजे तिकडचे 'साहेब'.

"ठाऊक आहे... पण पगार हातांकडे बघण्याचा मिळतो."

ते खरे होते. किती वाऱ्यापर्यंत होडी समुद्रात ठेवावी, हे कोळ्यांच्या मोबाइलमधील ॲपला डेटाबेसमधला एक आकडा सांगे. तो बदलला की भर समुद्रातील प्रत्येक ॲप त्याच क्षणी बदले. वारा मर्यादेला टेकला की पडदा लाल, म्हणजे परत फिरा. अधिक मासळीसाठी मालक सी मुन्सिफ यांनी ही मर्यादा दुप्पट केली होती. समुद्राचे मत घेतले नव्हते. तो त्यांच्या वेतनपटावर नव्हता. पण आकडा पुनःपुन्हा खाली येई, आणि बदल करणाऱ्याच्या जागी नाव उमटे — गुफ्रान. वजदी तिला पकडायला आला होता. गुन्हा सिद्ध झाला, तर तुरुंग.

"खरंच तुम्ही नाही?"

"तेवढं धाडस असतं, तर तुम्हाला केव्हाच कॉफीला विचारलं असतं."

दुपारी वारा पडला. समुद्र तेलासारखा निश्चल झाला. गुफ्रानने कळफलक दूर सारला आणि दोन्ही हात पुढे केले. "धरा. शंकाच नको."

त्याने धरले. तिची बोटे बर्फासारखी गार होती. खोलीत कोणीतरी तिसऱ्याने श्वास घेतला... आणि आकडा उतरू लागला — थेट शून्यावर. नाव: गुफ्रान. आता नुसत्या झुळकेलाही पडदा लाल; शांत पाण्यावर एकेक होडी बंदराकडे वळू लागली.

फोन खणखणला. वजदीने कोपराने स्पीकर सुरू केला.

"त्या पोरीनंच केलं ना?" सी मुन्सिफ गरजले. "हो म्हण, पोलीस खालीच उभे आहेत!"

"नाही. मी तिचे दोन्ही हात धरून बसलोय."

"बदल होऊन गेला ना? मग सोड आता!"

"सोडवत नाहीत."

शेवटची होडी धक्क्याला लागली, तोच दक्षिणेकडून वाळूची तांबडी भिंत समुद्रावर कोसळली. खिडक्या थरथरल्या. सी मुन्सिफनी घरबसल्या मर्यादा पुन्हा चढवली. ती तत्क्षणी शून्यावर आली. या वेळी नाव उमटले — वजदी.

जिन्यावर बूट वाजू लागले.

"आता साक्ष कोण देणार?" गुफ्रान कुजबुजली. "दोघंही आरोपी..."

"बरंच झालं," तो म्हणाला. "एकाच गाडीतून नेतील."