नगर केंद्र, आवाज येतोय

भिंगारहून नगरला निघालेल्या रिक्षात दीपा कशीबशी कडेला टेकली आणि समोरच्या तरुणाच्या मांडीवरचं पुस्तक बघून चपापली. तिच्याही हातात तेच होतं... मुक्त विद्यापीठाचं, बी. ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र.

"तुम्ही पण?" तो हसला. "कितव्या प्रकरणावर?"

"दुसऱ्या."

"मी पहिल्यावरच अडलोय. पुस्तक चांगलंय हो, पण उघडलं की झोप येते."

दीपाने हसू लपवायला ओढणी तोंडावर धरली.

तो भीमराज. लष्कराच्या डेपोत वायरमन. राहायला तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. दीपाची बारावी झाली त्याच वर्षी आई वारली, शिक्षण सुटलं आणि घर तिच्या अंगावर पडलं. आता तेविसाव्या वर्षी तिने पुन्हा पुस्तक हातात घेतलं होतं. दर रविवारी नगरच्या एका कॉलेजात अभ्यासकेंद्राचा वर्ग भरायचा. शंका तर ढीगभर असायच्या, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की ती वही मिटून घ्यायची.

"सांगा, मी विचारतो," भीमराज म्हणायचा. आणि मुद्दाम चुकीचं विचारायचा.

"तसं नाही हो..." ती कुजबुजायची.

"मग कसं? जरा मोठ्याने!"

त्याच्याकडे रागाने बघताना तिच्या गालावर हसू यायचंच. रविवार असा उजाडायचा... आणि सोमवारपासून पुढच्या रविवारची धाकधूक सुरू व्हायची. येईल ना तो?

त्या हिवाळ्यात कॉलेजच्या गच्चीवर डिश बसली. दूरच्या स्टुडिओतून प्राध्यापक शिकवायचे, गावोगावच्या केंद्रांत ते टीव्हीवर दिसायचे, आणि शेवटी विद्यार्थ्यांनी फोनवर शंका विचारायच्या. विचारणाऱ्याचा आवाज सगळ्या केंद्रांत ऐकू जायचा. टीव्ही हॉलमध्ये, फोन मात्र शेजारच्या ऑफिसात.

एका रविवारी रिक्षात भीमराजने पुस्तक उघडलंच नाही. उतरताना म्हणाला, "मला जबलपूरला पाठवतायत. दीड वर्षाचं ट्रेनिंग. बुधवारी निघायचंय."

"बरं झालं की," दीपा म्हणाली. आणि स्वतःचीच जीभ चावावी असं तिला झालं. शुक्रवारी राहुरीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. हे त्याला सांगायचं तरी कसं? कोणत्या नात्याने?

वर्ग संपत आला तसा तो हळूच म्हणाला, "जायच्या आधी एकदा तुमचा आवाज टीव्हीवर ऐकायचाय. चला, मी फोन लावून देतो."

ऑफिसात दोघंच. त्याने नंबर फिरवला, रिसीव्हर तिच्या हातात दिला. "थांबायला सांगितलंय. आधी दुसऱ्या केंद्राचा प्रश्न चाललाय."

कानात नुसती घरघर.

"तुम्ही खरंच जाणार?"

"जावं तर लागेलच."

"शुक्रवारी मला बघायला येतायत."

त्याने चटकन वर पाहिलं. "मग... तुम्ही?"

"मला विचारलंय कोणी? तुम्ही तरी कधी विचारलंत?" ती आता थांबेना. "मला दुसरं कोणी नको, भीमराज. दीड वर्ष काय, मी थांबेन. पण तुम्ही एकदा म्हणा तरी—"

हॉलमधून हसण्याची लाट उसळली आणि एकदम शांतता पसरली. रिसीव्हरमधून प्राध्यापक सावकाश म्हणाले, "नगर केंद्र, आवाज येतोय. अगदी स्पष्ट. हा प्रश्न माझ्या विषयातला दिसत नाही. ज्यांना विचारलाय, त्यांनीच उत्तर द्यावं."

दीपाने रिसीव्हर कानापासून दूर धरला. भीमराजने तिच्या हातून रिसीव्हर घेतला. तोही घाबरला होता, कानाच्या पाळ्या लालभडक. पण नजर तिच्यावरच.

"मलाही दुसरं कोणी नको," तो म्हणाला. "मी परत येतो, दीपा."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तिला मात्र धरणीत गडप व्हावंसं वाटत होतं.

लंकाबाई दारात आल्या. भिंगारच्याच अंगणवाडीसेविका, पन्नाशीला टेकलेल्या आणि वर्गातल्या सर्वांत हुशार. "दीपे, सांजच्याला भिंगारभर व्हईल बघ हे. तुझ्या आबांना मी सांगू का?"

"नको मावशी," दीपा म्हणाली. "मीच सांगते."

घरी तिचे वडील, आबा, दारापुढच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसले होते. दीपा पायरीवरच उभी राहिली. "आबा, राहुरीच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा."

त्यांची बोटं थांबली. "कोन हाय?"

"साळूबाईंचा मुलगा, भीमराज."

आबांनी पुन्हा सुपात मान घातली. तांदूळ इकडून तिकडे सरकत राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी दाटून आलं.

"जबलपूरला चाललाय ना त्यो?"

"हो. दीड वर्ष."

"आन् तुझी परीक्षा?"

"देणार. सगळी वर्षं पुरी करणार."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मान उंचावून रस्त्याकडे पाहिलं. विजेच्या खांबाला टेकून कुणीतरी उभं होतं, हात काखेत घालून.

"मंग त्याला थंडीत का उभं केलंयस? आत बोलाव. चहाला आधन ठेव."

दीपा दाराशी गेली आणि तिने हाक मारली... अख्ख्या गल्लीने वळून पाहावं, इतक्या मोठ्याने.