डोंगरीवर ठेवलेली लेकरं

चेतना कापगते सुट्टीवर निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत डासांचं मलम, दोन थर्मामीटर आणि पाण्यात तरंगायचा, हवा भरायचा फुगा होता. सुट्टी काही फार लांबची नव्हती. गोंदियाहून एसटीनं गोरेगाव, तिथून ऑटोनं पिंपळखारी, आणि पिंपळखारीच्या तलावात मधोमध जी डोंगरी उभी आहे, त्या बेटावर दोन दिवस. गावच्या समितीनं तिथं चार तंबू टाकले होते, झाडांना झुले बांधले होते. नवऱ्याला, भुपेंद्रला, रजा मिळाली नव्हती, म्हणून आई आणि लेक, दोघीच.

"एकटी पोरीले घेऊन पाण्यात कायले जाऊन राहिली?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आराम करायला."

"आराम! मंग घरीच झोप ना."

चेतना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पूर्वा झाल्यापासून, म्हणजे पाच वर्षांत, ती एकदाही गाढ झोपली नव्हती. आपल्याला आईपण जमत नाही, हे तिचं ठाम मत होतं. बाकी सगळ्या बाबतीत तिला शंका असायच्या, या एका बाबतीत नव्हती. कुणी पूर्वाचं कौतुक केलं की ही घाईनं म्हणायची, "कसली हुशार हो, नुसती आगाऊ आहे." नजर लागू नये म्हणून. तिची आई तिच्याबद्दल हेच म्हणायची. एवढं शिकूनही ही गोष्ट तिनं काही न विचारता उचलली होती.

गावच्या नावाड्याच्या, सुकरामच्या, डोंग्यातून जाताना तिनं लेकीला लांबवर पसरलेली पाळ, तलावाचा मातीचा बांध, दाखवली. "हा तलाव आपल्या कोहळी लोकांनी बांधला. तुझ्या आजोबांच्या आजोबांच्याही आधी."

"जेसीबीनं?"

"टोपल्यांनी. डोक्यावर माती वाहून."

पूर्वानं पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, "मान दुखली असेल."

पहिला दिवस खरोखर सुखाचा गेला. थंडीतलं मऊ ऊन, पाण्यावर बदकांचे थवे, दुपारी चुलीवरची मासळी. पूर्वा चिखलात बसून चिमुकली पाळ बांधत होती आणि चेतना तिला 'हात धू' म्हणायचं चक्क विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्वाला टोपी हवी झाली. दोघी डोंगरीच्या टोकाला होत्या, जुन्या मोहाच्या झाडाखाली. बुंध्याशी पालथ्या टोपलीवर एक म्हातारी बसली होती. नऊवारीचा कासोटा, हातापायांवर वाळलेली माती. समितीच्या बायकांपैकी असेल, असं चेतनाला वाटलं.

"आजी, पाच मिनिटं पोरीकडे लक्ष ठेवाल? टोपी घेऊन आलेच."

"ठेव ना, बाई. कोणाचंबी लेकरू ठेवतो मी."

टोपी तंबूजवळच्या झुल्यात पडली होती. ती घ्यायला चेतना झुल्यावर टेकली. तेवढंच.

जाग आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. पाणी शिशासारखं निश्चल होतं आणि बदकं... बदकांचा आवाजच नव्हता. ती अनवाणी धावत सुटली.

मोहाखाली सावली दाट झाली होती. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात आंबूस दुधाचा, तान्ह्या बाळाच्या टाळूला येतो तसा. आवाजही होता. पुष्कळ लहान मुलं एकत्र झोपली की त्यांचे श्वास मागेपुढे होतात, तसा. दिसत मात्र होती एकटी पूर्वा. पाठमोरी.

"पूर्वा!"

ती वळली नाही.

"कोणतं तुहं?" म्हातारीनं विचारलं.

"अहो... ही काय. ही एकच तर आहे."

"एकच?" म्हातारी हसली नाही. "नीट पाह्य."

चेतनानं पाहिलं नाही. ती पटापट बोलत सुटली. "माझं चुकलंच, आजी. झोप लागली. मी अशीच आहे, मला काही धड..."

बोलता बोलता तिला दिसलं, पूर्वाच्या फ्रॉकवरची फुलं नाहीशी झाली होती. ती "सॉरी" म्हणाली, तशा वेण्यांच्या रिबिनी गेल्या. फ्रॉकमधून पलीकडचा बुंधा दिसू लागला.

"मंग तुले कायले देऊ?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "सांजच्याले साऱ्या माया लेकरं न्याले येतेत. कोणीबी कोणाचं उचलन. आपलं कसं हाय थे सांगायचं, मंग न्यायचं."

चेतनाच्या ओठांवर आलं, आगाऊ आहे. तिनं ते गिळलं.

"ती... ती पूर्वा. ती कुत्र्यांना घाबरत नाही. मी घाबरते. तिला इंजेक्शन दिलं तेव्हा तीच मला म्हणाली, आई, रडू नको." तिचा आवाज चढत गेला. "शाळेत एका मुलाची चप्पल हरवली, तर हिनं आपली एक त्याला दिली. एकेका चपलेनं दोघं घरी आले. मी रागावले तिला. रागवायला नको होतं! अशी पोर या तालुक्यात नाही. अख्ख्या जिल्ह्यात दाखवा! माझी आहे ती. मी वाढवलीय तिला. मी!"

'मी' पाण्यावरून जाऊन पाळीवर आपटून परत आला. नजर लागायची तर लागो. इतकी ताठ मान चेतनानं लग्नातही ठेवली नव्हती.

फ्रॉकवर एकेक फूल उमटलं. पूर्वा वळली.

"आई, केवढ्यानं ओरडतेस?"

"हां. अशी," म्हातारी म्हणाली. "ने आता."

संध्याकाळचा डोंगा उभाच होता. थोडं आत आल्यावर चेतनानं हलकेच विचारलं, "सुकरामभाऊ, मोहाखाली बसते ती म्हातारी कोण?"

सुकरामचा बांबू पाण्यातच थांबला.

"तुमाले दिसली?" तो पूर्वाकडे बघून अगदी खाली आवाजात बोलू लागला. "पाळ बांधून राहिले होते ना, तवा बाया लेकरं त्या मोहाखाली ठेवत. थे म्हातारी सांभाळे. सांजच्याले ज्याची त्याची माय ने. एक दिवस माती खचली, एका पोरीची माय तिथंच दबली. म्हातारी काही उठे ना. म्हणे, माय मागाले आल्याबिगर देत नाही. आन् त्या साली पाणी लवकर चढलं, पार मोहापर्यंत."

"दुसऱ्या कुणी मागितलं नाही त्या पोरीला?"

"दुसऱ्याचं लेकरू कोण मागते, बाई?"

पूर्वा मागे वळून हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेस?"

"तिला. सगळ्यांच्या आया आल्या, आई. ती एकटीच राहिली."

चेतनानं पाहिलं. मोहाखाली कुणीही नव्हतं. पण मघाचा अभिमान अजून तिच्या घशात गरम होता, आणि जन्मभर प्रत्येक गोष्टीचा सात वेळा विचार करणारी ती बाई विचार न करताच उभी राहिली.

"तीपण माझी आहे!" ती ओरडली. "पाणी चढलं तरी आईची वाट बघत बसली, अशी धीराची पोर आमचीच असणार. तिच्या आईनं हा तलाव बांधलाय. मी मागते तिला. द्या!"

"बाई... खाली बसा. असं नका करू, बाई..."

डोंगा एका अंगाला कलला. कुणीतरी काठ धरून वर चढावं, तसा. सुकराम दुसऱ्या बाजूला सरकला आणि त्यानं तोल सावरला. डोंगा आता पाण्यात जरा खोल चालत होता.

"सरक ना, आई," पूर्वा म्हणाली. "तिला जागा दे. ओली झालीय ती."

चेतना सरकली. मान तिनं ताठच ठेवली. खाली बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं. दोघींच्या मधल्या रिकाम्या फळीवरून पाणी ठिबकत होतं, आणि तिच्या ओढणीचं टोक कुणीतरी घट्ट मुठीत धरलं होतं. पूर्वाचे दोन्ही हात तर चेतनाच्याच हातात होते.