उदासीला एक गुण

लिफ्टचं दार मिटता मिटता त्यानं मध्ये हात घातला, आत शिरला आणि तिच्याकडे पाहून त्याचा चेहराच उतरला. विस्कटलेले केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चुरगळलेला शर्ट...

"वर पोचलं की खुर्ची आणतो मी. बसा जरा," तो हळूच म्हणाला. त्या आवाजात इतकी खरी काळजी होती की तिला हसू आवरेना.

"अहो, मेकअप आहे हा. मी नटी आहे — आज तुमची पेशंट," त्याच्या गळ्यातलं प्रशिक्षणाचं ओळखपत्र बघत ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे वर जायच्या आधीच नापास झालो मी."

"लिफ्टमधली परीक्षा धरत नाहीत," ती म्हणाली. मजला जरा लवकरच आला, असं तिला उगाचच वाटलं.

नैराश्यावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू व्हायची होती. औषध लागू पडतंय की नाही, हे ठरणार होतं रेटर मंडळींवर, म्हणजे पेशंटशी बोलून त्याच्या उदासीला शून्य ते चार गुण देणाऱ्यांवर; उदासी जितकी जास्त, तितके गुण जास्त. एकाच माणसाला एकानं दोन आणि दुसऱ्यानं चार दिले, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून हे प्रशिक्षण. नटीनं ठरलेली उदासी वठवायची, एकेका रेटरनं येऊन तिची मुलाखत घ्यायची. तज्ज्ञांनी तिच्या भूमिकेला तीन गुण ठरवले होते. ज्याचे गुण जुळणार नाहीत, तो बाहेर.

सकाळपासून तिनं प्रत्येकाकडून तीन वसूल केले. उदास दिसणं म्हणजे तिच्या हातचा मळ होता.

मग तो आला. बसताना त्याचं पेन पडलं आणि ते उचलताना त्यानं टेबलावर डोकं आपटून घेतलं. तिनं ओठ दातांखाली दाबला.

"झोप... कशी लागते?"

"लागतच नाही."

"कशात मन रमतं?"

"कशातच नाही," ती म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या नजरेत अडकली ती सुटेचना. भूमिकेतला एक शब्द चुकला नाही. पण खांदे झुकायला तयार नव्हते, डोळे खाली जात नव्हते आणि छातीत नुसती धडधड चालली होती. तो तिला आवडला होता, आणि ते लपवण्याइतकी मोठी नटी ती अजून झाली नव्हती.

दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना मंडळी पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. फूटपट्टीनं गुण वाचले. सगळ्यांचे तीन, त्याचा एक. हॉलमध्ये खसखस पिकली.

मला दिसलं ते मी लिहिलं, एवढंच तो म्हणाला. नियम तो नियम, असं बाईंनी सांगितलं. त्याच्या हॉस्पिटलातून तो एकटाच रेटर होता. तो गेला की तिथल्या पेशंटना ही चाचणी मिळणार नव्हती, आणि जुन्या औषधांनी काडीचाही फरक न पडलेली माणसं तिथं वाट बघत होती. तो कागद गोळा करू लागला.

ती मागच्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती. बोललं तर काम जाणार. भूमिका सांभाळता न येणाऱ्या नटीला पुन्हा कोण बोलावणार?

"बाई, त्यांचा गुण बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. ते समोर असताना... मला उदास होताच आलं नाही."

बाईंनी त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज बंद केला. पडद्यावर पिंजारलेल्या केसांची एक मुलगी टेबलावर पुढे झुकून बसली होती, आणि तिचे डोळे नुसते चमकत होते.

"फार तर एक," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला पास केलं आणि नटीला तिथल्या तिथे कामावरून सुट्टी दिली. सुट्टी देताना त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

ती बेसिनपाशी काळी वर्तुळं पुसत होती, तेवढ्यात तो धावतच आला.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"गेलं खरं."

"आणखी एक सांगायचंय... मी शून्यच लिहिणार होतो. मग घाबरलो आणि एक लिहिला. आपलं मन पेशंटवर लादायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. मीच इतका खुशीत होतो — म्हटलं, म्हणूनच मला तुम्हीही खूश वाटत असाल."

तिचा एक डोळा पुसून झाला होता, दुसरा अजून काळाच होता. ती तशीच त्याच्याकडे वळली. "आता मी पेशंट नाही. बघा आणि सांगा."

त्यानं पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं.

"एकदा बघून नाही सांगता येणार," तो म्हणाला. "रोज... बघावं लागेल."

"मग आजपासूनच बघा," तिनं त्याच्या हातात ओला हात दिला. "संध्याकाळी मी मोकळीच आहे. काम गेलंय ना माझं."