उलटा पाणकावळा

धाडधाड बूट वाजवत कुणीतरी बुरुजाच्या एकशे बारा पायऱ्या चढून आलं, तेव्हा सिग्नेच्या तोंडात दोरा होता आणि मांडीवर राणीचा झेंडा. पिवळ्या झेंड्यावरच्या काळ्या पाणकावळ्याचं शेपूट सकाळच्या वाऱ्याने फाडून ठेवलं होतं.

"राणीसाहेब बाजारात मासे बघत फिरतायत," दारातला माणूस धापा टाकत म्हणाला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मग झेंडा अजून खाली कसा? तिकडे भरती ओसरत चाललीय, बाई."

आता व्हालोय बेटावरचा हा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ. राणी समुद्रात गेली की झेंडा उतरतो, आणि ती सुखरूप परतून झेंडा पुन्हा चढेपर्यंत एकही होडी बंदर सोडत नाही. कधीकाळी एक राजा एकटा मासे मारायला गेला, बुडाला, आणि त्याला वाचवायला धक्क्यावर होडीच नव्हती, तेव्हापासूनचा हा दंडक. आमच्या राणी आल्फहिल्ड सत्तरीच्या, पण रोज सकाळी एकट्याच होडी हाकत बांगडे मासे पकडायला जातात. त्यांना नको म्हणणार कोण? बेटावर त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ओरडू नका," सिग्ने तोंडातला दोरा काढत म्हणाली. "फाटका झेंडा चढवता येत नाही. घाई असेल तर हे टोक धरा."

आणि काय सांगू, त्याने धरलं. मुख्य भूमीवरून आलेल्या टपालबोटीवरचा नवा खलाशी तो, हाल्व्हर त्याचं नाव. ओल्या लोकरी टोपीतून पाणी ठिबकतंय, नाकाचा शेंडा लाल, आणि एवढे दांडगे हात, पण कापड मात्र झोपलेलं मांजर धरावं तसं अलगद धरलेलं.

"शेपूट वाकडं शिवताय," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"तुम्ही हलताय म्हणून."

"मी हलत नाहीये. तुम्ही माझ्याकडे बघताय म्हणून."

सिग्नेला सुई टोचली. कान तापले. तिने खाली घातलेली मान वर काढली नाही, पण टाके मात्र जरा... सावकाशच पडू लागले.

त्याने वेळ काढायला दारावरची कोरलेली अक्षरं वाचली. *हाकेला येईल तो आपला.* हे काय, म्हणून विचारलं. सिग्नेने सांगितलं की झेंडा उलटा लावला, म्हणजे पाणकावळ्याचे पाय वर, तर ती हाक. दिसेल त्याने, असेल तिथून, परत फिरायचं. जुन्या राजाचा कायदा आहे, पण तिच्या जन्मात तरी तशी वेळ आलेली नाही.

शेवटचा टाका पडला तेव्हा भरती निघून गेली होती. टपालबोट दुसऱ्या दिवसापर्यंत धक्क्यालाच. कप्तान बेर्टिलने हाल्व्हरला अख्ख्या बंदरासमोर झापलं, आणि हा पठ्ठ्या झापून घेताना बुरुजाकडे बघून हसत होता.

मग दर गुरुवारी टपालबोट आली की पत्रांचा थैला टाकून तो पायऱ्या चढायचा. कधी खिशातून चुरगळलेली वेलदोड्याची पोळी निघायची, कधी नुसतेच थंड हात. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि दर गुरुवारी राणी परतल्यावर झेंडा पाच मिनिटं उशिराच चढायचा. मग दहा. मग पंधरा. मासळी साफ करणाऱ्या बायका खालून हाका मारायच्या की, काय गं सिग्ने, दोरीला गाठ पडली की तुझ्या पदराला? ती वरून खिडकी ओढून घ्यायची. पण आतून असं काही उचंबळून यायचं, की बुरुजाच्या खिडकीतून उडी मारली तरी आपण तरंगू असं तिला वाटायचं.

प्रेम हा शब्द मात्र दोघांपैकी एकानेही काढला नाही. तो काढेल म्हणून ती थांबली, ती काढेल म्हणून तो. गुरुवार जात राहिले.

आणि सप्टेंबरात त्याची बदली आली. उत्तरेकडच्या मोठ्या जहाजावर, दोन वर्षं. बेटावर राहायचं तर राणीचा शब्द हवा, आणि वर्षाला बाहेरच्या एकाच माणसाला तो मिळतो. हाल्व्हरने सिग्नेला न सांगता अर्ज केला होता. राजवाड्यातून एका ओळीचं उत्तर आलं की यंदाची जागा दातांच्या डॉक्टरला दिली आहे.

"दातांपुढे माझं काय चालणार," तो शेवटच्या गुरुवारी म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही. "आज झेंडा जरा सावकाश चढव."

"किती सावकाश?"

"दोन वर्षं."

तिला बोलायचं होतं. सगळं ओठांवर आलं होतं. पण खालून कप्तान बेर्टिलची शिट्टी वाजली आणि तो टोपी चुरगाळत पायऱ्या उतरून गेला. तिसऱ्या पायरीवर थांबला... मग गेलाच.

राणीची होडी खाडीत शिरताना तिला दिसली. आज उशीर करायचा नाही, असं तिने ठरवलं. दर गुरुवारी पंधरा मिनिटं चोरली ती मजेत चोरली, पण आज चोरली तर ती भीक झाली असती, आणि सिग्ने भीक मागणाऱ्यातली नव्हती. डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसत होतं. तिने चाचपडत दोरी अडकवली, दात-ओठ खात खेचली, आणि झेंडा वर गेला तशी पाठ फिरवून भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

होड्या सुटल्याचे आवाज आले. टपालबोटीचा भोंगा वाजला, एकदा, लांबलचक. तो आवाज तिच्या काळजात रुतून बसला.

डोळे पुसून तिने वर पाहिलं. काठीला चिकटलेला झेंडा वाऱ्याने आत्ता कुठे उलगडला होता.

पाणकावळ्याचे पाय वर होते.

खोटी हाक म्हणजे खेळ नव्हे. नोकरी तर गेलीच, शिवाय अख्ख्या बेटाला तोंड दाखवायचं कसं? दोरी हाताशी होती. झरकन उतरवला असता तर कदाचित कुणाला दिसलाही नसता. तिने दोरीला हात घातला... आणि समुद्राकडे बघितलं. सगळ्यात पुढे गेलेली, बेटाची नसलेली, ज्या बोटीला या हाकेशी काही देणंघेणं नाही अशी टपालबोट गर्रकन वळली होती. पूर्ण वेगाने परत येत होती. बोटीच्या पुढच्या टोकावर एक माणूस उभा होता आणि त्याने टोपी काढून हातात धरली होती.

सिग्नेने दोरी सोडून दिली.

पायऱ्या चढून पहिला पोचला तो हाल्व्हर. कोपर खरचटलेलं, श्वास फुललेला. तिला दोन्ही खांद्यांना धरून वरून खाली बघितलं आणि विचारलं, काय झालं, कुठे लागलं? तिने नाही म्हणून मान हलवली. तोवर मागून कोळी आले, मासळीवाल्या आल्या, कप्तान बेर्टिल आला आणि सर्वांत शेवटी, गुडघ्यांना शिव्या घालत, खवल्यांनी माखलेल्या एप्रनात राणी आल्फहिल्ड.

"कोण बुडालं?" राणीने विचारलं.

"कुणी नाही, राणीसाहेब," सिग्ने म्हणाली. "झेंडा उलटा लागला. चुकून."

"चुकून?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. पण हाल्व्हरचे हात अजून तिच्या खांद्यांवर होते, आणि शब्द आज नाही तर कधीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

"लागला चुकून. पण दिसल्यावर मी उतरवला नाही. हा परत येताना दिसला म्हणून. माझं याच्यावर प्रेम आहे आणि ते सांगायचं राहून गेलं होतं."

"माझंही," हाल्व्हर म्हणाला, एवढ्या हळू की मागच्या बायकांनी ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ म्हणून एकमेकींना कोपरखळ्या मारल्या.

राणीने एप्रनला हात पुसले. मग तिने हात पुढे केला. "बुरुजाची किल्ली दे, पोरी. वसंतापर्यंत झेंडा तुझ्या हाती लागायचा नाही. तोवर तू खाली मासे साफ करशील, म्हणजे हात चुकायचे थांबतील."

सिग्नेने किल्ली दिली. पाच वर्षं गळ्यात बांधलेली किल्ली ती. गळा एकदम हलका वाटला आणि वाईटही वाटलं.

"आणि हाक झाली आहे, तेव्हा मोजणी होणार," राणी म्हणाली. "माझ्या आजोबांचा कायदा आहे, माझा नाही. तो मलाही मोडता येत नाही. हाकेला जो आला तो बेटाचा." तिने बेर्टिलकडे पाहिलं. "तुम्ही पण आलात, कप्तान."

"मला नका मोजू, राणीसाहेब," कप्तान घाईघाईने म्हणाला. "घरी बायको वाट बघतेय."

लोक खो-खो हसले. राणी हसली नाही. ती एकेकाचं नाव आणि ठिकाण विचारत पुढे सरकत हाल्व्हरसमोर येऊन थांबली.

"नाव?"

"हाल्व्हर."

"कुठला?"

त्याने मान वळवली. सिग्नेकडे पाहिलं. तिचं नाक रडून लाल झालं होतं आणि बोटाला अजून त्या पहिल्या दिवशीच्या सुईचा बारीक व्रण होता. तिने तो हात हळूच त्याच्या हातात सरकवला.

"इथला," तो म्हणाला.